कळशीच्या काठावरचं नाव

“हिरॉइनचं नाव विमल?” तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “विमल माझी चुलती आहे. गुडघे दुखतात तिचे. ती राक्षसाशी लढणार?”

“तात्या, ही दुसरी विमल आहे.”

“दुसरी असली तरी विमलच ना? बदल. आणि बाकीचीही बदल. हे सगळं वि, वि, वि काय लावलंय?”

तात्या म्हणजे आमच्या प्रकाशनाचे मालक. रविवार कारंज्याजवळ दोन खोल्यांत आमचा संसार होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही गाइडं काढायचो, निबंधमाला काढायचो, त्यावर पगार निघायचे. मुलांसाठी एक कादंबरी काढायचं तात्यांनी पहिल्यांदाच मनावर घेतलं होतं, तेही मी डोकं खाल्लं म्हणून. माझं पद संपादक. म्हणजे प्रूफं वाचायची, लेखकांची समजूत घालायची, प्रेसवाल्याशी भांडायचं आणि तात्यांचा चष्मा शोधून द्यायचा.

कादंबरी होती मंगलाबाईंची. कळवणच्या पुढे एका गावात त्या शिक्षिका होत्या. हे त्यांचं पहिलंच पुस्तक. गोष्ट मला मनापासून आवडली होती. एक राक्षस एका राज्यातलं सगळं पाणी पिऊन टाकतो. त्याच्या पोटात आग असते, म्हणून त्याची तहान भागतच नाही. एक मुलगी उरलेलं शेवटचं पाणी डोक्यावर घेऊन डोंगर चढते. एवढीच गोष्ट, पण बाईंनी अशी रंगवली होती की मी ती वाचताना बसस्टॉप चुकले होते.

घोळ होता नावांचा. विक्रांत, विराज, विश्वकेतू, विलासिनी, विद्युल्लता आणि विमल. राक्षससुद्धा विकराळ. बाईंनी हे मुद्दाम केलं होतं. एका राज्यातली माणसं, मग नावांना एक धागा नको का, असं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. कल्पना वाईट नव्हती. पण मुलांच्या पुस्तकाचा एक साधा नियम असतो. मूल पूर्ण नाव वाचतच नाही. पहिलं अक्षर बघतं आणि पुढे पळतं. सगळेच ‘वि’ असले की कोण कुणाला फसवतंय ते कळत नाही, आणि पुस्तक मिटतं. मी स्वतः कागदावर तक्ता काढून वाचत होते.

“पुढच्या सोमवारी फर्मे प्रेसला गेले पाहिजेत,” तात्या म्हणाले. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. “नाही गेले तर त्या मशीनवर दिवाळीची कॅलेंडरं चढतील. मग हे पुस्तक राहिलं ते राहिलं. मी पुन्हा हात लावणार नाही, सांगून ठेवतो.”

तात्या असं म्हणाले की तसंच करायचे.

बाईंच्या घरी फोन नव्हता. त्यांच्या गल्लीतल्या एसटीडीवाल्याकडे निरोप ठेवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“बदला हो नावं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणताय तर बदला. पण विमल राहू द्या.”

“तात्यांचा नेमका त्याच नावावर राग आहे.”

“बाकीची बदला. विमल राहू द्या.”

“पण का?”

“राहू द्या ना मॅडम,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी जाम वैतागले. लेखकांचे हट्ट मला नवे नव्हते. एकाने स्वल्पविरामावरून अबोला धरला होता. पण इथे वेळ कुठे होता? दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रकाराकडून कच्ची चित्रं घेतली आणि जुन्या सीबीएस स्टँडवरून कळवणची एसटी पकडली. म्हटलं, नावं मुलांवरच तपासून बघू. बाईंनाही कळेल.

बाईंनी मला वर्गावर नेलं. दोन प्रकरणं वाचून दाखवली. वाचत छान होत्या, मुलं हलली नाहीत. मग मी विचारलं, “राजाला कुणी फसवलं?”

“विनं,” एक जण म्हणाला.

“वि म्हणजे कोण?”

“वि म्हणजे वि... काहीतरी हाय ना ते.”

बाईंचा चेहरा पडला. मी विषय बदलावा म्हणून राक्षसाचं चित्र वर धरलं. मोठं पोट, आखूड पाय, डोक्यातून धूर. मागच्या ओळीतली एक मुलगी फसकन हसली.

“बाई, ह्यो तर आमच्या घरचा बंब हाय!”

सगळा वर्ग हसायला लागला. बंब म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं उंच भांडं. पोटात निखारे, भोवती पाणी, वर धुराडं. पाणी पिणाऱ्या, आग पोटात घेऊन फिरणाऱ्या राक्षसाला यापेक्षा चांगलं नाव माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. मी लगेच प्रधानाचं चित्र दाखवलं. त्याचं नाक लांब.

“झारी!”

रुंद, बसका राजा घंगाळ झाला. गोल तोंडाची राणी परात झाली. मी रोज भांडी बाजारातून चालत ऑफिसला जाणारी बाई. दोन्ही बाजूंना ही सगळी मंडळी रांगेत बसलेली असायची आणि मला कधी सुचलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत बाईच माझ्यापुढे धावायला लागल्या. “दोन शिपाई आहेत ना, ते चिमटा आणि सांडशी. आणि राजवैद्य चाळणी. त्याच्या पोटात काही राहतच नाही.” डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या.

“झालं तर मग,” मी म्हटलं. “आणि विमलची कळशी करू. पाणी तीच नेते.”

बाईंचं हसू थांबलं. “नाही.”

“बाई, किती शोभतंय बघा तरी.”

“शोभतंय. पण नाही.”

माझा तोल गेला. “एका नावापायी सगळं पुस्तक अडलंय, बाई. तात्या छापणार नाहीत.”

“मग नका छापू,” त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही. म्हणूनच मला भीती वाटली. ही बाई खरंच पुस्तक सोडून देईल, हे मला दिसलं.

परतीची गाडी उशिरा होती. शाळा सुटल्यावर बाई मला घरी घेऊन गेल्या. भांडल्यावरही चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही, ही आपल्याकडची पद्धत बरी आहे. चहाचं आधण ठेवायला त्यांनी पितळी कळशी कलती केली आणि तिच्या काठावरची अक्षरं माझ्या समोर आली.

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. लग्नाकार्यात भांडी शेजारीपाजारी जातात, कुणाची कुणाकडे राहतात, म्हणून ओळख. आहेरात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं. दुकानदार खिळ्याने ठोकून ठोकून ठिपक्यांची अक्षरं काढून देतो. बाईंच्या फळीवरच्या सगळ्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव होतं. या कळशीवर होतं, ‘चि. सौ. कां. विमल हिस आईकडून’.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“माझी.”

मला क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. लग्नात त्यांचं नाव बदललं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने मंगला लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून घरात, शाळेत, मस्टरवर, सगळीकडे मंगला.

“यांनी काही वाईट केलं नाही हो,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांचीच बदलतात. आई होती तोवर एक माणूस विमल म्हणणारं होतं. ती गेली आणि मग हाकच बंद झाली. तेव्हा ही गोष्ट लिहायला घेतली. आधी विमल लिहिलं. मग तिला सोबत म्हणून बाकीचे सगळे वि आणले.”

मला खूप वाईट वाटलं. सकाळपासून मी या बाईला हट्टी म्हणत होते. चहा निवला तरी मी कप उचलला नाही. कळशीकडे बघत बसले, आणि बघता बघता डोकं चालायला लागलं.

“बाई, तुम्ही पाणी भरताना काय म्हणता? विमल आण म्हणता का?”

“नाही. कळशी आण.”

“पण नाव तर आहेच ना तिच्यावर. मग आपल्या राज्यातही तसंच करू. सगळे तिला कळशीच म्हणतात. काठावर नाव आहे, पण काजळी इतकी चढलीय की कुणी वाचलेलं नाही. तिलाही माहीत नाही. शेवटी ती सगळं पाणी बंबाच्या पोटात ओतते, आग विझते, तेच पाणी तिच्या अंगावर उडतं...”

“आणि काजळी धुतली जाते,” बाई म्हणाल्या. त्यांनी कळशी मांडीवर ओढून घेतली होती. “कुणीतरी वाचतं. मोठ्याने वाचतं.”

शेवटचं प्रकरण त्यांनी दोन संध्याकाळी बसून नव्याने लिहिलं आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती माझ्याकडे पाठवलं. मी स्टँडवर जाऊन पाकीट घेतलं. मग आमचा ऑपरेटर आणि मी कॉम्प्युटरवर सगळी नावं बदलायला बसलो. त्याने प्रधान विराजच्या जागी झारी असा एकच हुकूम सोडला आणि मोकळा झाला. प्रूफ आलं तर राजा सिंहासनावर ‘झारीमान’ झाला होता. ते वाचून मी ऑफिसात एकटीच खदाखदा हसले, आणि मग पुन्हा पहिल्या पानापासून ओळ न् ओळ तपासली.

सोमवारी तात्यांनी फर्मे चाळले. बंबाशी थांबून गालात हसले. शेवटच्या पानावर आले आणि चष्मा कपाळावर गेला.

“म्हणजे विमल आहेच.”

“एकदाच आहे. शेवटच्या ओळीत.”

“मला गंडवतेस?”

“हो तात्या.” मग मी त्यांना कळशीचं सांगितलं. थोडक्यातच, कारण प्रेसचा माणूस दारात उभा होता. तात्यांनी फर्मे टेबलावर ठेवले.

“आमच्या चुलतीचं माहेरचं नाव काय होतं, मला माहीत नाही,” ते म्हणाले. मग प्रेसच्या माणसाकडे वळले. “ने रे. चढव मशीनवर.”

पुस्तक दिवाळीच्या सुट्टीआधी आलं. बरं खपलं. तात्यांनी दुसरी आवृत्ती काढली, यावरून काय ते समजा. पहिल्या प्रती घेऊन मी कळवणच्या एसटीत बसले. बाईंनी वर्गात अख्खं शेवटचं प्रकरण वाचलं. काजळी धुतली गेली, नाव दिसलं, पुस्तक मिटलं. बंब ओळखणारी ती मुलगी उभी राहिली.

“बाई, विमल कोण?”

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं.

“मी,” त्या म्हणाल्या.

मागून कुणीतरी हळूच म्हणून बघितलं, “विमलबाई.” मग दुसरीकडून. मग सगळा वर्गच. बाई गप्प करायला गेल्या नाहीत. फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि मीही माझी पर्स उगाच उघडून काहीतरी शोधत बसले.

दोन हजार सालानंतर अद्भुत कथांचा पूरच आला. माझ्या टेबलावर ग्रहांची नावं असलेले जादूगार आले, रत्नांची नावं असलेल्या राजकन्या आल्या, वाऱ्यांची नावं असलेले घोडे आले. मी अजूनही निम्मी नावं बदलायला लावते. पण आधी लेखकाला एक विचारते, यातलं एखादं नाव कुणाचं आहे का? बहुतेक जण म्हणतात, कुणाचंच नाही, खुशाल बदला. जो गप्प बसतो, त्याच्या गावाची एसटी किती वाजता सुटते ते मी बघून ठेवते.