वरच्या मजल्यावरचं सुतक

आखातात, सीबला आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचे एक गृहस्थ एकटेच राहत. बाहेर ऊन भाजून काढायचं आणि हे एसी सोळावर ठेवून, शाल पांघरून जुन्या रशियन कादंबऱ्यांची मराठी भाषांतरं वाचत बसायचे. बोलणं मोजकं, शेवटी "असो" ठरलेलं.

एका शुक्रवारी जिन्यात म्हणाले, "आमचे म्हातारे गेले हो. असो." डोळे सुजले होते. मला वाटलं, वडील. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बायकोने केलेला पिठलं-भात घेऊन वर गेलो. त्यांनी ओशाळून टेबलावरची जाडजूड कादंबरी दाखवली. "यातले."

मी हसत डबा उचलायला गेलो, तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

"आणलंयत तर बसा. हे एकट्यानं जेवायचं नसतं."