टर्बो निवेपर्यंत

मिस्त्रीच्या नाकाच्या शेंड्यावर राग. गॅरेजमध्ये कुणाशी बिनसलं की त्याची झळ घरी बायकोला लागायची. मग हौस म्हणून त्याने आपल्या जुन्या गाडीच्या साध्या इंजिनाला जास्तीची हवा कोंबणारा टर्बो बसवला. गाडी सुसाट पळू लागली. पण दारात येताच तो इंजिन बंद करायचा, त्यामुळे तापलेल्या टर्बोतलं ऑइल आतच करपलं आणि टर्बो कामातून गेला.

दुसरा बसवल्यावर तो शहाणा झाला. दारात आला की इंजिन चालू ठेवून टर्बो निवेपर्यंत गाडीतच बसायचा. तेवढ्यात तोही निवायचा आणि घरात पाऊल टाकायचा ते गुणगुणत. बायको मनातल्या मनात त्या टर्बोचे उपकार मानायची.

परवा मात्र तो तणतणतच आत शिरला. बाहेर इंजिन चालूच होतं.

"टायमर बसवलाय," तो म्हणाला. "आता टर्बो निवला की इंजिन आपोआप बंद होतं. मला बसायला नको."

"काढून टाका तो," बायको म्हणाली. "टर्बोच्या निमित्ताने तुम्ही दम खात होता, म्हणून माझे दिवस सुखात गेले."

 तो मुकाट्याने जाऊन गाडीत बसला.