दर उतरल्यावर पाहू

आमच्या घरात नवी वस्तू नवी असताना कधी आलीच नाही. वरुडची संत्री यायची ती मोसम सरता सरता, व्यापारी उरलासुरला माल ढिगाने काढायला लागले की. छत्री यायची पावसाळा संपल्यावर. माझी पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलीची, तिनं केलेल्या खुणांसकट. पैसा नव्हता म्हणून नव्हे. वडील अमरावतीच्या एका शाळेत मराठीचे मास्तर होते, पगार वेळेवर यायचा, घर स्वतःचं होतं. पण पहिल्या दिवशी पूर्ण दाम मोजणारा माणूस म्हणजे मूर्ख, असं त्यांचं तत्त्व होतं, आणि स्वभावाला औषध सापडेल एखादे वेळी, तत्त्वाला नाही.

सिनेमालाही हाच न्याय. गावात नवा खेळ लागला की पहिले काही आठवडे दर चढे असत. मग तो जाई, वर्ष-दोन वर्षांनी परत येई, तेव्हा टांग्यावर ढोल वाजवत लाल-पिवळे कागद उधळले जात, त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘कमी दरात’ असं छापलेलं असे. आमचं घर त्या कागदाची वाट पाहणारं होतं. आईनं कधी एखाद्या सिनेमाचं नाव काढलंच तर बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणत, “फेर येईल. दर उतरल्यावर पाहू. लोकांले पारखू दे आधी.”

त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. एकदा त्यांच्या शाळेचे हेडमास्तर सगळं खटलं घेऊन एका रंगीत पिक्चरला गेले, पहिल्याच रविवारी, सगळ्यांत महाग जागेवर. मध्यंतरातच उठून आले. नुसते कपडे आणि नाच होते म्हणे, गोष्टीचा पत्ता नाही. बाबा त्यानंतर आठवडाभर इतके खुशीत होते की त्यांनी मला शेंगदाण्याची चिक्की आणून दिली. ‘नव्याचे नऊ दिवस’ हे त्यांनी मला तेव्हा पाटीवर गिरवायला लावलं होतं.

पण यातली मेख मला फार उशिरा कळली. पडलेला सिनेमा लवकर स्वस्त होतो. चाललेला होत नाही, तो गावोगाव पूर्ण दरानं फिरत राहतो. म्हणजे ‘कमी दरात’ आमच्या वाट्याला यायचं ते लोकांनी थुंकलेलं. आमच्या घरानं त्या सगळ्या वर्षांत एकसुद्धा धड सिनेमा पाहिला नाही आणि बाहेर पडताना बाबा दर वेळी म्हणायचे, “बरं झालं, पूर्ण पैसे नाही दिले.”

धड सिनेमे आईला ठाऊक होते, पण अर्धे. समोरच्या घरातल्या काकू नवं काही लागलं की पहिल्या आठवड्यात पाहून येत आणि दुपारी आमच्या ओट्यावर ज्वारी निवडता निवडता सगळी गोष्ट हावभावांसकट सांगत. मध्यंतर आलं की आई हात वर करायची. “बस, बाई. पुढचं मी पाह्यन.” काकूंना शेवट सांगायची इतकी घाई असे की त्या चडफडत उठून जात. माझी आई अशा किती सिनेमांच्या मध्यंतरात उभी होती कोण जाणे.

त्यातला एक तिच्या मनात रुतून बसला. मी तेव्हा चौथीत होते. एका विधवेचा लहान मुलगा स्टेशनावरच्या गर्दीत हरवतो. पुढे तोच मोठा होऊन तिच्याच घरात भाडेकरू म्हणून राहायला येतो. तिला माहीत नाही, त्यालाही नाही. मग तो तापानं फणफणतो आणि ती त्याच्या उशाशी बसते. इथं मध्यंतर झालं, आईनं हात वर केला.

“अवं, सांगून टाकतो ना मी, कायले जीव टांगणीले लावता?” काकू म्हणाल्या.

“नाई नाई. ओयखते का नाई थे मले आयकाचं नाई. ओयखते तवाचं तिचं तोंड मले पाह्यचं हाये.”

त्या रात्री जेवताना तिनं बाबांना सरळ विचारलं. आई सहसा काही मागत नसे, म्हणून मला ते लक्षात आहे. बाबांनी ताकाचा भुरका मारला आणि म्हणाले, “फेर येईल.”

तो आला नाही. चांगला चालला होता ना, कशाला येईल? कधी नागपुरात आहे असं कळे, कधी अचलपूरला. टांग्याचा ढोल ऐकू आला की आई हातातलं काम टाकून दारात जायची, मला कागद उचलून आणायला सांगायची. मी नाव वाचून दाखवलं की परत चुलीशी.

मी सातवीत गेले त्या सुमाराला कागद हातात घेऊन ती स्वतःच वाचायचा प्रयत्न करू लागली आणि वाचता येत असून तिला ते जमेना. अक्षर कळे, शेजारचं हरवे. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. भरलेली घागर बाजूला ठेवलेली असली तर तिला लाथ बसायची आणि स्वयंपाकघरभर पाणी. संध्याकाळी कंदील लावला की म्हणायची, दिव्याभोवती रंगीत कडं दिसून राहिलं. डोकं दुखायचं, ते वेगळंच.

बाबांनी खिडकीपाशी नेऊन तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि निकाल दिला. “मोतीबिंदू हाये. पण कच्चा हाये. पिकल्याशिवाय काढत नसतात.” हे त्या काळी सगळेच बोलत. मोतीबिंदू आंब्यासारखा पिकावा लागतो, कच्चा काढला तर डोळा जातो. हिवाळ्यात गावात डोळ्यांचं शिबिर भरायचं, तिथं फुकट काढून द्यायचे. पहिल्या हिवाळ्यात बाबा म्हणाले, अजून पिकला नाही. दुसऱ्या हिवाळ्यातही तेच. आई ऐकत राहिली. थांबायची तिला सवय होती, आम्हीच लावलेली.

तिसऱ्या हिवाळ्यात ती भाकरी थापताना तवा सोडून चुलीतच टाकायला निघाली, तेव्हा तिला शिबिरात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, हे आमच्या हातातलं नाही, अकोल्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरली आणि मामाकडे उतरलो.

अकोल्याचे डॉक्टर म्हातारे होते आणि फार हळू बोलत. मोतीबिंदू नाहीच, काचबिंदू आहे, ते म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही. उजव्या डोळ्यात थोडा उजेड राहिला आहे, तोही फार दिवस पुरणार नाही.

“पण पिकला नव्हता ना हो अजून,” बाबा म्हणाले.

“हा पिकत नसतो, मास्तर. हा खात जातो.”

आई मधल्या स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती. ती रडली नाही. मला मात्र बाबांच्या पांढऱ्याशुभ्र टोपीचा, त्यांच्या मराठीचा, त्यांच्या सगळ्या म्हणींचा इतका राग आला की मी दातांनी ओठ फोडून घेतला. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

बाहेर रस्त्यावर आलो तर ढोल वाजत होता. टांगा पुढून गेला, एक पिवळा कागद बाबांच्या पायाशी पडला. त्यांनी वाकून उचलला, वाचला आणि तसेच उभे राहिले. मी खांद्यावरून पाहिलं. तोच सिनेमा होता. कमी दरात.

“चाल,” बाबा आईला म्हणाले. “आजच पाहू. तुझं थे पिक्चर लागलं हाये.”

आईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. “उतरले वाटते दर,” ती म्हणाली.

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा बाल्कनीची तिकिटं काढली. तीनचा खेळ. आईला मध्ये बसवलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. पडद्यावर सुरुवातीपासून रेघांचा पाऊस. फिरून फिरून रिळं झिजली होती, माणसं बोलता बोलता एकदम दाराबाहेर दिसायची, गाणी अर्ध्यात तुटायची. बाबा आईच्या कानाशी लागून सांगत होते, वर्गात शुद्धलेखन घालावं तसं, एकेक वाक्य सुटं करून. “आता पोरगा खाटेवर हाये. आता ती पाणी घेऊन आली.” मागच्या रांगेतला एक जण खेकसला. मग त्याला आईची मान दिसली असावी, पडद्याकडे नसून बाबांकडे वळलेली. तो गप्प झाला.

मध्यंतर झालं. आई कितीतरी वर्षांनी त्या गोष्टीच्या मध्यंतरापलीकडे गेली. तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

शेवट आला. बाई कंदील घेऊन खाटेजवळ जाते, मुलगा डोळे उघडतो, ती कंदील वर धरते, खाली वाकते. तेवढ्यात खर्रकन आवाज झाला, पडदा पांढराफेक पडला आणि पुढच्या क्षणाला थेट ‘समाप्त’. तो तुकडा रिळात उरलाच नव्हता. खाली सगळी टॉकीज उठून उभी राहिली. शिट्ट्या, बाकांवर लाथा, मशीनवाल्याच्या आईबहिणीवरून शिव्या.

“काय झालं?” आईनं विचारलं. “ओयखलं का तिनं?”

बाबा शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसमोरही कधी खोटं बोलले नव्हते. ते म्हणाले, “ओळखलं.”

“तोंड कसं झालं तिचं?”

“चांगलं,” बाबा म्हणाले. “हसली. मंग रडली.”

आईनं खालच्या गोंधळाकडे कान लावला.

“मंग लोक शिव्या कावून देऊन राहिले?”

जिन्यापाशी आल्यावर बाबांनी हात पुढे केला आणि तो तिच्या हाताला लागेल इतका जवळ नेला. आईनं तो बाजूला सारला, भिंत धरली आणि एकेक पायरी पायानं चाचपत खाली उतरली.