निरोगी गालाची मालिश

आमच्या गल्लीत माझी ओळख आजही ‘लकव्यावाले दादा’ अशी करून देतात. कागद कारखान्यात मी जन्मभर मशीन चालवली, ते कुणाच्या ध्यानातही नाही. म्हणून ही हकिगत एकदाची सरळ लिहून ठेवतो.

तुकईथड गावचं लग्न आटोपून आम्ही नवरा-बायको थंडीत मोटारसायकलवर बुरहानपूरला परतलो. दुसऱ्या दिवशी चूळ भरताना बायकोच्या उजव्या ओठातून पाणी गळालं. उजवा डोळा मिटेना, तोंड डावीकडे ओढलेलं. मी जागच्या जागी निदान केलं : वारं लागलं. मुलाने माझं न ऐकता तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला भुवया उचलायला लावल्या. उजवं कपाळ सपाटच राहिलं.

“कपाळही हलत नाही. म्हणजे हा मेंदूचा झटका दिसत नाही, चेहऱ्याच्या नसेचा त्रास आहे. कानामागे हाडातल्या अरुंद वाटेने ही नस येते. सुजली की तिथेच दबते.”

“पण कशानं?” मी विचारलं.

“बऱ्याचदा नक्की कळत नाही. एखादा विषाणू असू शकतो.”

एवढं शिकून ‘नक्की कळत नाही’! माझ्याकडे तर पक्कं कारण तयार होतं. बाईंनी सूज उतरायच्या गोळ्या दिल्या, डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब दिले, झोपताना तो चिकटपट्टीने मिटवायला सांगितला. “लगेच आलात ते बरं. या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू व्हायला हव्यात.”

शेजाऱ्यांनी जंगली कबुतराचं रक्त सुचवलं. आमचं घर शाकाहारी, म्हणून मी मोहरीच्या तेलात जायफळ उगाळलं. तोंड डावीकडे गेलंय, तेव्हा डावा गाल चोळून उजवीकडे ढकलायचा, हा माझा हिशोब. मशीनवर कागद एका बाजूला सरकला की आम्ही असंच करायचो.

बायको म्हणायची, “अहो, या गालानं काय गुन्हा केलाय?”

काही आठवड्यांत तोंड सरळ झालं. तपासणीच्या वेळी मी बाईंना मालिश ऐटीत करून दाखवली. त्या हसू दाबत म्हणाल्या, “काका, आजारी बाजू उजवी. डावा गाल धडधाकट आहे, म्हणून तर तो तोंड आपल्याकडे ओढत होता.”

बायको दवाखान्याच्या दारातच पूर्ण तोंडाने हसली. “गोळ्या मी गिळल्या आणि वैद्य तुम्ही झालात!”

तोवर तेलाचा बोभाटा झाला होता. लोक बाटल्या घेऊन यायचे. ‘डॉक्टरलाही दाखवा’ हे मी सांगायचो, पण हळू आवाजात.

मग चांदनी गावाहून धाकट्या बहिणीचा फोन आला. “दादा, माझं तोंड फिरलं रे.”

मी तिला तेल पाठवलं. गाल कोणता, तेही सांगितलं : जिकडे तोंड ओढलंय, तोच. आता बाजू बदलून सांगितली असती, तर आधीच्या सगळ्यांना काय उत्तर दिलं असतं? भाचा तिला डॉक्टरकडे घेऊन गेला तेव्हा गोळ्यांची वेळ टळून गेली होती. तिचं हसू अर्ध्यावर थांबलं ते कायमचं.

गेल्या थंडीत तीच एका केळीवाल्या शेतकऱ्याला माझ्याकडे घेऊन आली. त्याचं तोंड त्याच सकाळी वाकडं झालं होतं.

“याला आधी दवाखान्यात नेऊ,” मी म्हणालो. “तेलानं काही होत नाही. तुला मी धडधाकट गाल चोळायला लावला. तुझं तोंड माझ्यामुळे असं राहिलं.”

“तू पहिल्यापासून असाच. केलेलं कधी बोलून दाखवणार नाहीस. तेल नसतं तर याहून बेकार झालं असतं.”

“अगं, ऐक तरी...”

“दादा, आधी थोडा हात तर लावून द्या,” शेतकऱ्याने गाल पुढे केला. अर्थात धडधाकटच. मी त्याचा हात धरून त्याला रिक्षात बसवलं.

तो गोळ्यांनी बरा झाला. गावात मात्र सांगतो, दादांनी नुसता हात धरला आणि गुण आला. बहिणीच्या हाती त्याने केळीचा अख्खा घड पाठवला.

घड घेऊन आली ती जेवायला थांबली. हल्ली घास चावताना तिच्या आजारी बाजूच्या डोळ्यातून पाणी गळतं. नस भरून येताना कधी कधी असं होतं म्हणे. माझा हात ताटातच थांबला.

“रडत नाहीये रे मी,” ती म्हणाली. “जेव तू.”