अक्कांची भीती

"शांत हो" असं अक्का कोणालाच म्हणत नसत. धरणगावात देवळाच्या सभामंडपात त्या रोज सकाळी योग शिकवायच्या, आणि नेमके हेच शब्द त्यांना खपत नसत. म्हणायच्या, "आसं सांगीसन कोनी शांत व्हस का?"

माझे यजमान रावेरहून केळीचा ट्रक दिल्लीला नेतात. फोन लागला नाही की मी फोनजवळच बसून राहायचे. डोळ्यांपुढे पलटी झालेली गाडी, पोलीस, सगळं उभं राहायचं. घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. अक्कांनी समोर बसवून विचारलं, "फोन लागस नही, हाई खरं शे. गाडी पलटी गयी, हाई तुले कोनी सांगं?" योगशास्त्रातल्या मनाच्या वृत्ती त्यांनी मला तांदळासारख्या निवडायला शिकवल्या: हे दिसलेलं, हे चुकीचं समजलेलं, हे मनानं रचलेलं, हे मागचं आठवलेलं. निवडता निवडता छातीतली धडधड उतरायची. हळूहळू मी फोनजवळ बसून राहणं सोडलं.

पण भीती खरी निघाली, तर त्या डोळे मिटू द्यायच्या नाहीत. एक बाई मुलाचा ताप उतरेना म्हणून घाबरून प्राणायामाला येऊन बसली. अक्का कडाडल्या, "खरी भीती शे तर ऊठ!" वर्ग तिथेच मोडला आणि तिला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या.

त्याच अक्कांना एका सकाळी दरदरून घाम फुटला, डावा हात भरून आला. मी त्यांना वर्गाला न्यायला गेले होते, सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. अक्कांचा मुलगा हसून म्हणाला, "आई, लोकांची भीती घालवतेस आणि स्वतःच घाबरलीस? अनुलोम-विलोम कर, बरं वाटेल."

अक्का त्याला म्हणाल्या, "भाऊ, हाई मन्ह्या मननं नही. हाई छातीमा शे."

मी गाडी काढा म्हणून ओरडत होते, आणि तो मलाच दीर्घ श्वास घ्यायला सांगत होता! अजून चीड येते. जिनं गावाची खरी-खोटी भीती निवडून दिली, तिची भीती निवडून बघायला घरात कोणी तयार नव्हतं. शेवटी मीच शेजाऱ्यांची गाडी आणली. जळगावच्या वाटेवर, पाळधीच्या अलीकडे अक्का गेल्या.

दहाव्याला मुलानं हात जोडून सांगितलं, "आई अगदी शांतपणे गेली. ध्यानातच गेली." माणसं माना डोलवू लागली. मला राहवलं नाही. मी भर माणसांत उठले आणि म्हटलं, "शांतपणे नाही गेल्या. सांगत सांगत गेल्या."