त्या मंगळवारी आक्कांकडे कोण आलं होतं?

इथले भुताखेतांचे अनुभव मी दुपारी डबा खाताना मोबाईलवर वाचते आणि बहुतेक वेळा अर्ध्यातच सोडून देते. पटत नाहीत म्हणून. माझं कामच असं आहे की असल्या गोष्टींना मनात जागा राहत नाही. मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या, आजारी माणसांचं करते. होमकेअर अटेंडंट म्हणतात त्याला. अंघोळ, गोळ्या, शुगर, बीपी, जेवण, थोडं चालवून आणणं. अकरा वर्षं झाली. तीन माणसं माझ्यासमोर गेली. त्यांना मीच पुसून, कपडे बदलून ठेवलं आणि नंतर त्याच खोलीत बसून चहा प्यायले. कधी काही जाणवलं नाही. माणूस गेला की गेला, असंच माझं मत होतं... आजही आहे. कारण मी जे सांगणार आहे त्यात मेलेलं माणूस कुणी परत येत नाही.

माझं माहेर पाटणच्या वर डोंगरात. नवऱ्यापासून वेगळी होऊन पंधरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. मिरजेत एका खोलीत राहते. सांगलीत विश्रामबागला आक्कांकडे सकाळी आठ ते बारा अशी माझी ड्युटी होती. आक्का म्हणजे चौगुले आजी, वय एक्क्याऐंशी. जैन घर, हळदीचा जुना व्यापार, तो यजमानांबरोबरच संपला. पहिल्या मजल्यावर त्या एकट्या. खाली भाडेकरू मुल्लाणी भाभी, ब्लाऊज शिवतात. मुलगा भरतदादा पुण्याला.

आक्कांची नजर काचबिंदूनं गेल्यासारखीच होती. समोर कोण आहे ते कळायचं, पण इन्सुलिनच्या पेनवरचे आकडे दिसायचे नाहीत. डोकं मात्र एकदम साफ. पेपर मी वाचून दाखवायचा आणि चुका त्यांनी काढायच्या. सकाळी नाश्त्याच्या आधी चौदा युनिट इन्सुलिन, ते देणं हे माझं सगळ्यात महत्त्वाचं काम. माझ्या आधीच्या बाई एक दिवस न सांगता आल्याच नव्हत्या. आक्कांनी अंदाजानं स्वतःच टोचून घेतलं, ते जास्त झालं, आणि भाभींना त्या स्वयंपाकघरात पडलेल्या सापडल्या. तेव्हा भरतदादानं निक्षून सांगितलं होतं, "आई, परत असं एकदा जरी झालं तर घराला कुलूप. तू पुण्याला." आक्कांना पुणं नको होतं. "तिथं मी पाहुणी," म्हणायच्या. हॉलमध्ये कॅमेरा बसवायचं निघालं तेव्हा "मी कैदी आहे का?" म्हणून त्यांनी तो माणूस जिन्यातूनच परत पाठवला होता. तर आक्कांचं त्या घरात राहणं माझ्या वेळेवर येण्यावर टिकून होतं, एवढं लक्षात ठेवा.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आईचं वर्षश्राद्ध होतं. रविवार-सोमवारची सुट्टी घेऊन गावी गेले. आमच्या एजन्सीच्या ऑफिसनं दोन दिवस दुसरी मुलगी लावली. मंगळवारी मी हजर राहणार असं ठरलेलं.

आता आईबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आई गेली त्याच्या आधी महिनाभर ती फोनवर एकच म्हणायची, "सगळ्यांची नखं कापतीस, माजी कवा कापशील? वैनी लय खोल कापती." मी म्हणायची, येते गं या आठवड्यात. गेलेच नाही. गेले ते एकदम मातीला. तेव्हा तिचे हात बघितले. नखं एवढी वाढलेली, आत माती. सगळे रडत होते आणि मी तिच्या हातांवरून चादर ओढून घेतली — कुणाला दिसू नयेत म्हणून. हे मी माझ्या भावाला, दादाला सांगितलं नाही, वहिनीला नाही, कुणालाच नाही. सांगायला तसं होतंच कोण?

सोमवारी जेवणं झाली. दादा म्हणाला, "आगं ऱ्हा की उद्याच्या दिस. लय थंडी हाय."

"न्हाई दादा, माझी पेशंट हाय एकटी."

"तुज्या पेशंटला तू हाईस. तुला कोन हाय?" तो साधंच बोलून गेला. मी बॅग भरायला लागले.

मंगळवारी पहाटे निघाले. कराडला गाडी बदलली, सांगलीच्या एसटीत बसले, आठपर्यंत पोचणार होते. पण आष्ट्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी झालेली. सव्वासातला गाडी थांबली ती थांबलीच. गावात वीज नव्हती म्हणून माझा मोबाईल बंद पडलेला. शेजारी एक कापूसखेडच्या बाई होत्या, त्यांचा फोन मागितला. पण नंबर कुणाला पाठ असतात? आयकार्डवर ऑफिसचा नंबर होता, तो लावला. ऑफिस दहाला उघडतं, कुणी उचलला नाही. खाली उतरून एका मोटारसायकलवाल्याला विचारलं, त्याच्या मागे आधीच दोघं. आठ वाजले. आक्का वाट बघतील, मग स्वतःच पेन हातात घेतील... एवढंच डोळ्यांसमोर. जागेवर येऊन बसले, कपाळ खिडकीच्या गार काचेला टेकवलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मला झोप लागली. एवढ्या काळजीत झोप कशी लागली, मला माहीत नाही. स्वप्नबिप्न काही नाही. नुसता अंधार.

त्या बाईंनी हलवून उठवलं. "आवं ताई! किती हाका मारायच्या? हात बगा किती गार पडल्यात तुमचं. मी तर घाबरलेच." गाडी चालू झाली होती. दहा वाजले होते.

रिक्षातून उतरून धावतच गेट उघडलं तेव्हा अकराला दहा कमी असतील. भाभी दारात मशीनवर होत्या. मान वर करून म्हणाल्या, "काय राहिलं गं, संगीता?"

"भाभी, आक्का बऱ्या आहेत ना? ट्रॅफिकमध्ये अडकले हो..."

"कुठं, आत्ता जाताना?"

"येताना. गावाहून."

भाभी हसल्या. "सकाळी आठला मीच कडी काढली की तुला. दहाला गेलीस. डबा नाही आणलास म्हणून विचारलं, तर बोललीस, आज आक्कांबरोबर खाणार."

मला वाटलं, चेष्टा करतात. जिना चढून गेले. आक्का खिडकीतल्या उन्हात खुर्चीवर बसलेल्या. अंघोळ झालेली, धुवट लुगडं, केस विंचरून बारीक अंबाडा, मी घालते तसाच. माझ्या पावलांकडे कान देत म्हणाल्या, "काय विसरलीस?"

मी तशीच आत गेले. ओट्यावर उपिटाच्या दोन बश्या धुऊन पालथ्या घातलेल्या. दोन. एवढ्या वर्षांत मी कुठल्याच पेशंटच्या घरी ताट घेतलेलं नाही. माझा डबा माझ्याजवळ, तोही गॅलरीत बसून. फ्रिजवर आमची रोजची वही होती. उघडली. दोन दिवस त्या बदलीवरच्या मुलीचं गिचमीड अक्षर, आणि त्याखाली — मंगळवार. ८.०५. शुगर १६८. इन्सुलिन १४. उपीट, बिनसाखरेचा चहा. खाली सही. माझी सही. मी 'संगीता'च्या 'ता'चा काना लांब खाली ओढते, तो तसाच ओढलेला. अक्षर माझं नाही असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

पण त्या क्षणी घाबरण्यापेक्षा मोठा प्रश्न समोर होता. इन्सुलिन खरंच दिलंय का? दिलेलं नसताना सोडून दिलं तर शुगर चढणार, आणि दिलेलं असताना परत दिलं तर आक्का माझ्या हातानं जाणार. ग्लुकोमीटरच्या मेमरीत बघितलं. ८.०५, १६८. वापरलेल्या सुया टाकायच्या बाटलीत सगळ्यात वर एक सुई. मी फोन चार्जिंगला लावला आणि डॉक्टरांना लावला. मी आत्ता आलेय, सकाळचा डोस झालाय की नाही खात्री नाही, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "आत्ताची शुगर बघा. डोस अजिबात परत देऊ नका." शुगर १४२ आली. म्हणजे दिलं होतं. कुणीतरी दिलं होतं, बरोबर चौदा युनिट.

शुगर बघताना आक्कांचं बोट हातात धरलं होतं. तेव्हा दिसलं. नखं कापलेली. दहाही बोटांची, ताजी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. नखं मी रविवारी कापते, आणि त्या रविवारी मी नव्हते.

"आक्का, नखं कुणी कापली?"

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाल्या, "परत बोलायचं नसेल तर नको बोलू, बाई. सकाळी रडलीस तेवढं पुष्कळ झालं. पण आईच्या नखांचं एवढं मनाला लावून घेऊ नको. नखं राहिली म्हणून आई रागावत नसते गं."

मी फरशीवरच बसले. मला आठवतंय, खालून भाभींच्या मशीनचा आवाज येत होता आणि मी तो मोजत होते.

सांगायला हवं होतं का? "आक्का, ती मी नव्हते" असं? मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर भरतदादाला कळलं असतं की कुणी अनोळखी बाई घरात शिरून आईला इंजेक्शन देऊन गेली. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लागलं असतं. भाभींनाही "हो, रुमाल राहिला होता" म्हणाले. खोटं बोलले. त्याबद्दल कुणी मला बोल लावला तर ऐकून घेईन.

नंतर मी माझ्या परीनं सगळं तपासलं. ऑफिसमधून संध्याकाळी फोन आला, "सकाळी मोबाईलवरून तुमची हजेरी आली नाही, आज चौगुलेंकडे गैरहजर कशा? कळवायचं तरी." म्हणजे त्यांनी माझ्या जागी कुणाला पाठवलं नव्हतं. बदलीवरच्या मुलीला विचारलं, ती त्या सकाळी शिरवळला तिच्या बहिणीकडे निघाली होती. एसटीचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतंच. आक्कांना नीट दिसत नाही, मान्य. पण भाभी दिवसभर सुईत दोरा ओवतात, त्यांना दिसत नाही असं कसं म्हणू? आणि समजा माझ्यासारखी दिसणारी, माझं अक्षर काढणारी, आक्कांचा डोस माहीत असलेली कुणी बाई आली... तरी तिला आईच्या नखांचं कोण सांगणार? ते फक्त माझ्या डोक्यात होतं.

त्यानंतर आक्का त्या घरात आणखी आठ-नऊ महिने राहिल्या. असं परत कधीच झालं नाही. पण आमच्यात एक फरक पडला. मी काम उरकलं की त्या म्हणायच्या, "बस की जरा. त्या दिवशी कशी दोन तास बसलीस. एरवी तू उभीच असतेस." मी बसायला लागले. उपीट खायला लागले. गावचं, दादाचं काही काही सांगायला लागले. आक्का ऐकायच्या, पण मध्येच म्हणायच्या, "त्या दिवसासारखं नाही बोलत तू. आज नुसत्या बातम्या सांगतेस." मला चक्क हेवा वाटायचा... कुणाचा, ते मी काय सांगू?

एकदा धीर करून विचारलं, "आक्का, त्या दिवशी मी आणखी काय काय बोलले?"

त्या हसल्या. "विसरलीस? एवढं सगळं बोलून?"

"सांगा ना."

"तुझंच मन तुलाच मी काय वाचून दाखवू? पेपर आहे का तो?" मग हसू गेलं, आणि हळूच म्हणाल्या, "एवढं एकटं नसतं गं राहायचं, संगीता." त्यापुढे किती विचारलं तरी एक शब्द बोलल्या नाहीत.

आक्का गेल्या त्या त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीत, दुपारी जेवण झाल्यावर. मी ताट उचलत होते. भरतदादा माझे हात धरून रडला. आईला तिच्या मनासारखं राहू दिलंत, म्हणाला.

आता मी मिरजेतच दुसऱ्या एका आजोबांकडे जाते. कुणी म्हणेल भास झाला, कुणी आणखी काही म्हणेल. मी उत्तर शोधायचं सोडलंय. फक्त एक रुखरुख जात नाही. त्या मंगळवारी माझ्या तोंडानं कुणीतरी दोन तास मन मोकळं केलं. ते ऐकणारं एकच माणूस होतं, तेही आता नाही. त्या दोन तासांत मी काय बोलले, हे मला कधीच कळणार नाही.