सिग्नल पडला

ती केस अजून मनातून जात नाही. मी शिकलेला कमी, शिपायाचा हवालदार झालेला माणूस. नावं सांगणार नाही, घडलं ते सांगतो.

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर एका चौकात सिग्नल होता. दुपारी ठाण्यात फोन आला, ट्रेलरने स्कूटरवाल्याला उडवलं. गेलो तर पोराचा पाय मोडलेला, ड्रायव्हर त्याच्याजवळच बसून त्याला पाणी पाजत होता. पळाला नव्हता. हे मी मनात ठेवलं.

पोराला दवाखान्यात पाठवलं, ड्रायव्हरला ठाण्यात आणलं.

"लाल होता तर घातलीस कशाला?"

"नाय सायेब. लाल लांबशीच दिसला, तवाच गिअर उतरवले. भरलेला ट्रेलर थांबला का उठवताना जीव जातो. सरकत सरकत आलो, हिरवा झाला तवाच आत घातली."

"सगळे हेच सांगतात."

"मंग सगल्यांना इचारा. माजी पोर परवा नांदायला जायची हाय, सायेब. मी आत बसलो तर तिला वाटं कोन लावील?"

साक्षीदार एकच, चौकातला म्हातारा चहावाला. त्याने सांगितलं, "सिग्नल पडला नि ट्रेलर निघाला." झालं. लाल पडल्यावर निघाला. साहेब म्हणाले, अटक करा.

कागद तयार होईपर्यंत घरी जेवायला गेलो. बायकोला सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"मग त्या बिचाऱ्याला धरलंत कशाला? सिग्नल पडल्यावरच निघाला ना?"

"अगं, पडला म्हणजे लाल."

"तुमचा असेल लाल. आमच्या फाटकावर सिग्नलचा हात खाली पडला की गाडीला रस्ता मोकळा."

तिचे वडील रेल्वेच्या फाटकावर होते. मी हात धुतला आणि चौकात चहावाल्याकडे गेलो.

"बाबा, रेल्वेत होता का?"

"व्हय. फाटकावर जन्म गेला. कुनी सांगितलं?"

"बायकोमुळे कळलं. सिग्नल पडला म्हणजे काय झालं?"

"म्हंजे हिरवा! आनि काय?"

दवाखान्यात स्कूटरवाल्याला विचारलं. म्हणाला, "पिवळा लागला होता. वाटलं, लाल व्हायच्या आत निघून जाईन. पोचेपर्यंत लाल झाला."

सिग्नल दोघांनीही लांबूनच ओळखला होता. एकाने ओळखून गाडी हळू केली, दुसऱ्याने ओळखून मूठ पिळली. फरक तेवढाच, पण त्यात पाय मोडतो.

ड्रायव्हर सुटला. पोरीची पाठवणी झाल्यावर बायकोला घेऊन आमच्या दारात आला. "वयनी, तुमच्यामुलं पोरीला वाटं लावली." ही पदर सावरत म्हणाली, "मी काय केलं? ह्यांना मराठी शिकवलं."

तेव्हा मी चिडलो होतो. खरं म्हणजे तेच केलं होतं तिने. पुढे नोकरीभर मी साक्षीदाराला आधी विचारायचो, बाबा, गाव कुठलं, काम काय केलंत, आणि मगच त्याचा शब्द लिहून घ्यायचो. ती गेली त्याला आता वर्ष होईल. माझं बोलणं अर्ध्यात तोडून "चुकलात" म्हणणारं घरात कोणी उरलं नाही.